कॅसिनोतले कॅमेरे नेमकी कुणाची राखण करतात?

रानवाट
कॅसिनोसारखी कडेकोट सुरक्षा कुठेच नाही, असं म्हणतात. टेबलापुरतं ते खरं आहे. डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा कर्मचारी, टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवतो, महागड्या चिप्समध्ये, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांमध्ये, रेडिओलहरींनी ओळख पटवणारा आरएफआयडी टॅग बसवलेला असतो. पण २०१७ मध्ये लास वेगासच्या मँडले बे या कॅसिनो-हॉटेलमध्ये एका बंदूकधाऱ्याने काही दिवसांत बंदुका भरलेल्या वीसहून अधिक बॅगा ३२व्या मजल्यावर नेल्या आणि कुणाला खटकलं नाही. तिथून त्याने केलेल्या गोळीबारात ६० जीव गेले. चिपवर नजर आणि माणसाकडे दुर्लक्ष, याला मी सुरक्षा मानत नाही.

तिसरा_डाव
हे पटत नाही. पाहुण्यांच्या बॅगा हॉटेलं उघडून बघत नव्हती, कॅसिनो असो वा नसो. पैसा आणि माणूस इतके वेगळेही काढता येत नाहीत. २०१० मध्ये लास वेगासच्याच बेलाजिओ कॅसिनोतून हेल्मेटवाला चोर १५ लाख डॉलरच्या चिप्स घेऊन पळाला. कॅसिनोने २५ हजार डॉलरच्या त्या चिप्स चलनातूनच काढल्या आणि चोर त्या विकताना सापडला. गर्दीत झटापट होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कोरापाट
दोघंही कॅमेऱ्यातच अडकलात. रॉन हॅरिस हा लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या जुगार नियामक मंडळाचा माणूस, मशीनं तपासणं हेच त्याचं काम, आणि त्यानेच स्लॉट मशीनमध्ये गडबड केली. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत त्याचा साथीदार केनो या आकडे निवडायच्या खेळात जिंकलेले १ लाख डॉलर घ्यायला आला, तेव्हा कर्मचाऱ्यांना संशय आला म्हणून बिंग फुटलं. तपासणाऱ्याला कोण तपासतं, ते सांगा.

रानवाट
बरोबर, पण मला वेगळंच डाचतंय. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात १९९६ पासून जुगार सुटत नसलेला माणूस स्वतःहून स्वतःवर कॅसिनोबंदी घालून घेऊ शकतो. पुढे ही सोय अनेक ठिकाणी आली. पडलेले पत्ते लक्षात ठेवून कॅसिनोला हरवू पाहणारा, म्हणजे पत्ते मोजणारा, चेहऱ्यावरून ओळखू येतो, मग हा माणूस दारातच का ओळखू येत नाही? बरेचदा तो मोठं बक्षीस लागून ओळखपत्र मागितल्यावर सापडतो. बक्षीस जप्त होतं. त्याआधी हरलेले पैसे?

तिसरा_डाव
इथे मी तुमच्या बाजूने आहे, ते पैसे परत मिळायला हवेत. पण दारात प्रत्येकाचा चेहरा तपासायचा तर तो साठवावा लागेल, आणि ती माहिती पुन्हा कॅसिनोच्याच हातात. मला ते नको.

रानवाट
मग दारात सगळ्यांचं ओळखपत्र बघा. सिंगापूरमध्ये बघतातच.