मोटरवर सेन्सर बसले, मग कानाने ऐकायचं बंद करायचं का?

रात्रपाळी:
प्लॅन्टमध्ये मेन्टेनन्सला आहे, पंप, मोटर, ब्लोअर सगळं आमच्याच गळ्यात. मध्यंतरी मोठ्या मशिनवर वायरलेस व्हायब्रेशन सेन्सर बसवले, आता मोबाईलवर हिरवं-पिवळं-लाल दिसतं. आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात ग्रीस संपलंय की गोळी खराब झालीय, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. परवा म्हणाले ३ नंबर पंपाचा आवाज बदललाय. ॲपवर हिरवं. साहेब म्हणाले हिरवं आहे तर पंप थांबवायचा नाही. चौथ्या दिवशी बेअरिंग जाम, शाफ्टपण गेला. फिटरकाका काही बोलले नाहीत पण मला फार वाईट वाटलं. सेन्सर नकोत असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण चुकलं नेमकं कुठे?

थरथर:
दादा, दोन गोष्टी आधी सांगा, सेन्सर बसवलाय कुठे आणि ॲप नक्की काय मोजतंय? बरेच स्वस्त सेन्सर एकूण व्हायब्रेशनचा वेग मिलीमीटर प्रति सेकंदात देतात आणि तेही साधारण १० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात. बॅलन्स बिघडला, अलाइनमेंट सरकली, फाउंडेशन बोल्ट ढिला झाला तर त्यात लगेच दिसतं, कारण १५०० आरपीएमची मोटर म्हणजे सेकंदाला २५ फेरे, सगळा खेळ त्याच्याच पटीत चालतो. पण बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे ज्या कड्यावर गोळ्या फिरतात त्यावर, बारीक खड्डा पडला की गोळी त्यावरून जाताना दर वेळी एक टकटक होते, ती इतकी बारीक आणि इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीची असते की सुरुवातीला एकूण आकडा हलतच नाही. काकांच्या कानाला बहुधा तीच टकटक लागली. त्यासाठी ॲक्सिलरेशन बघावं लागतं, एन्व्हलप ॲनालिसिस, म्हणजे त्या टकटकीची लय बाकी आवाजातून वेगळी काढणं, करावं लागतं. तुमच्या सेन्सरमध्ये ती सोय असेल आणि कोणी चालूच केली नसेल असंही होऊ शकतं, मी स्वतः हे पाहिलंय.

रात्रपाळी:
आत्ता जाऊन बघून आलो. सेन्सर मोटरच्या मागच्या फॅन कव्हरवर आहे, रंगावरच डबल टेपने चिकटवलेला. बेअरिंग गेलं ते पंपाचं.

थरथर:
मग त्याला बिचाऱ्याला काय कळणार! पत्र्याचं कव्हर स्वतःच थरथरतं आणि टेप वरची फ्रिक्वेन्सी गिळून टाकते. बेअरिंग हाउसिंगवर रंग खरवडून स्टडने (आटे असलेल्या बोल्टने) घट्ट बसवा, निदान चांगलं मॅग्नेट तरी लावा.

आयसीयू_ताई:
मशिनमधलं मला कळत नाही पण वाचून राहवलं नाही. मी नर्स आहे. बोटाला लावतो तो पल्स ऑक्सिमीटर, त्याचं तत्त्व १९७०च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी शोधलं. तो रक्ताचा रंग बघून अंदाज बांधतो, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि साधारण ९४० चा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून सोडतो आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का काढतो. हात गार पडले, नेलपॉलिश असलं की आकडा भरकटतो. एकदा स्क्रीनवर ८४ आणि पेशंट माझ्याशी नीट गप्पा मारतोय, हात चोळून गरम केला, बोट बदललं, ९७ आलं. पण खरी भीती उलट्या बाजूची. धुरात कोंडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतो, ते रक्त या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून माणूस गुदमरत असताना आकडा छान दिसतो. तुमचं हिरवं ॲप वाचून मला तेच आठवलं. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, आधी पेशंटकडे बघ मग स्क्रीनकडे. तरीपण हे यंत्र काढून घेतलं तर मी ड्युटी करणार नाही हो, रात्री ३ वाजता ओठ निळे पडायच्या आत तेच ओरडतं.

दुसरा_डोळा:
बोईंग ७३७ मॅक्सचं उदाहरण साहेबांना जरूर सांगा. समोरून येणाऱ्या हवेच्या तुलनेत विमानाचं नाक किती वर आहे हे सांगणारे दोन सेन्सर होते पण नाक खाली दाबणारी सिस्टीम एका वेळी एकाचंच ऐकायची. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९, दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. नंतर दोन्ही सेन्सरचे आकडे ताडून बघायची सोय केली. तुमच्याकडे दुसरा सेन्सर आधीच होता की, काकांचा कान.

रात्रपाळी:
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं तर दोनदा वाचलं. साहेबांना हा धागा दाखवला, त्यांनी शांतपणे वाचला आणि सगळे सेन्सर पुन्हा बसवायला हो म्हणाले. उद्या सकाळी काका खडू घेऊन प्रत्येक मशिनवर ते स्क्रू ड्रायव्हर कुठे टेकवतात तिथे फुली मारणार आहेत, त्याच जागी रंग खरवडून स्टड लावतो. ॲक्सिलरेशनची सेटिंग सापडली, बंदच होती.