मदत हवी आहे: कोड रिव्ह्यू नावापुरता उरलाय

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत बॅकएंडचं काम करते. आमच्याकडे पुल रिक्वेस्ट (सहकाऱ्यांनी कोडमधला बदल तपासून सामील करून घ्यावा अशी विनंती) येते तीच हजार-दोन हजार ओळींची, तीही शुक्रवारी संध्याकाळी. सगळ्यांना कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल गाठायची घाई, मग डोळे झाकून अप्रूव्ह. कमिट (नोंदवलेला बदल) सोबतचा मेसेज काय, तर ‘फिक्स’, ‘फायनल फिक्स’.

गिट बायसेक्ट (कोडचा इतिहास अर्धा-अर्धा करत शोधायची सोय) हजार कमिटांतून दहाएक टप्प्यांत बिघाड आणणारा कमिट शोधून देतं. पण तो कमिटच गोणीएवढा असेल तर पुढे काय करायचं? लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामात एका पॅचमध्ये, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या कोडमध्ये, एकच बदल असा दंडक आहे. तो दाखवला, तर लीड म्हणाले, “आपल्याला क्लायंटची तारीख सांभाळायचीय.” त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा.

लहान टीममध्ये कुणी छोटे-छोटे बदल पाठवायची सवय लावली आहे का? सीआयमध्येच (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) ओळींची मर्यादा घातली तर लोक पळवाटा काढतात का? आणि मुख्य म्हणजे, वयाने मोठ्या सहकाऱ्याच्या कोडवर कमेंट कशा भाषेत लिहिता? आमच्याकडे ‘सर, इथे चुकलंय’ लिहिलं की चहाला बोलावणं बंद! ऐरोली-ठाण्याकडचं कुणी भेटून बोलायला तयार असेल तर फारच बरं.