टेरेसवर सोलर टाकू का सरकारच्या मागं लागू?

राजारामपुरीकर
मंडळी, कोल्हापुरात आमची सहा फ्लॅटची बिल्डिंग हाय, टेरेसवर टाकी आणि वाळवणं सोडली तर काय नाही. परवा मीटिंगमध्ये मी म्हटलं कॉमन मीटरसाठी सोलर टाकूया, लिफ्टचं आणि पाण्याच्या मोटरचं बिल तरी जाईल, हवामान बदलाला पण तेवढाच आळा. तर वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुझ्या चार पत्र्यांनी पंचगंगेचा पूर थांबणार हाय व्हय? ते सरकारचं काम." सगळे हसले, चहा झाला, विषय संपला. पण तेव्हापासनं डोक्यात तेच. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 ला, 2021 ला पाणी 55 च्या वर गेलेलं, पूर एवढा आणि नळाला थेंब नाही कारण उपसा केंद्रच पाण्यात. ह्याच्यापुढं माझे चार पत्रे म्हणजे खरंच चेष्टाच की. मग वेळ घालवायचाच तर टेरेससाठी शेजाऱ्यांशी भांडू का केएमटीच्या बस वाढवा म्हणून महापालिकेत जाऊ?

फौंड्रीवाला_शिरोली
काका बरोबर हायत भावा, वाईट वाटून घेऊ नको. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट जातात. तुझ्या घराचं महिन्याचं 150 धर, म्हणजे तुझी चार महिन्यांची वीज आमी एका टनात फुंकतो आणि पाळीला किती टन ओततो ते विचारूच नको. आमच्या मालकानं शेडवर सोलर टाकलंय, त्यावर ऑफिस, लाईट, बारकी मशिनं चालतात, भट्टी नाही चालत. आणि टाकलं ते पण युनिटचा दर बघून, पृथ्वी वाचवायला न्हवं. दर आणि नियम मुंबईत वीज नियामक आयोग ठरवतो, ते बदलले की मालकाचं पर्यावरणप्रेम पण बदलणार बघ.

बावड्याची_लेक
हे दर-नियमाचं पटलं, पण त्यातनं "आपण काय करायचंच नाही" हे कसं निघतं? एलईडीचं आठवा. 2014 ला सरकारी खरेदीत एक बल्ब 310 रुपयाला पडत होता, उजाला योजनेत कोट्यवधी एकदम घ्यायला लागल्यावर दोन वर्षांत 38 वर आला. दर सरकारनं पाडला पण पिवळे बल्ब काढून टाकले आपणच ना, कोण मंत्री स्टूल घेऊन आलेला घरी? तुमच्या सोलरचं पण तसंच. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागं 18,000 सबसिडी हाय, 5 किलोवॅटला 90,000 झाले. एकट्या घराला 3 किलोवॅटला 78,000 मिळते ती वेगळी. सरकारनं ताट वाढून ठेवलंय आणि तुमचे काका म्हणतायत सरकारनं काहीतरी करावं 😄

पेठेतला
पूर कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं येतो, तुमच्या कार्बनमुळं न्हवं.

बावड्याची_लेक
आलमट्टीवर भांडा की, पण पाऊस कोण पाडतंय? पुण्याच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 चा हिशोब काढलेला, मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात. आणि आपल्याकडं आठ दिवसांत धरणं भरून वाहायला लागतात ते आपण बघतोयच.

शिरोळचा_ऊसवाला
तुमी शहरातली लोकं एक माणूस नायतर सरकार, दोनच धरून बसलाय. आमच्याकडं मोटर नदीवर आणि रान लई वर, योजनेतला सोलर पंप साडेसात एचपीपर्यंतच मिळतो, तेवढ्यानं पाणी चढतच नाही. एकट्यानं काय करायचं? म्हणून आमच्या बापजाद्यांनी पाणीपुरवठा संस्था काढल्या, सरकारकडनं परवानगी घेतली, बँकेकडनं कर्ज घेतलं आणि पाईप स्वतः गाडल्या. आता सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतनं फीडरच, म्हणजे शेतीला वीज देणारी अख्खी लाईनच, सोलरवर न्यायचं चाललंय, दिवसा लाईट मिळाली तर रात्री दोनला बॅटरी घेऊन सापाकिरड्यातनं दारं धरायला जायचं बंद होईल. ह्यासाठी आमी मोर्चे पण काढलेत, म्हणजे सरकारचं काम पण मागं लागल्याशिवाय होत नाही. तुमची सहा घरं म्हणजे एक बारकी संस्थाच की. काकांना चेअरमन करा, विरोध तिथंच संपतो.

राजारामपुरीकर
😂 चेअरमनचं काम झालं! 90,000 चा आकडा ऐकून काका म्हणाले कागद आण बघू. आता अडलंय ते काकूंपाशी. मार्च-एप्रिलात सांडगे-पापड कुठं घालायचे म्हणतायत आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

फौंड्रीवाला_शिरोली
स्ट्रक्चर आठ फूट उंच घ्या आणि दक्षिणेकडची पट्टी मोकळी सोडा, तिथं ऊन राहतंय. अँगल आमच्याकडनं घ्या, दराचं बघू.