चायनाहून मागवलेला स्वस्त डुप्लिकेट माल : तुमचे अनुभव

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला डुप्लिकेट घेताना निदान वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करता येते. दुकानदारही 'फर्स्ट कॉपी आहे साहेब, गॅरंटी मागू नका' असं तोंडावर सांगतो. ऑनलाइन चिनी विक्रेत्याकडे फोटो अस्सलचा, किंमत नकलीची, आणि पार्सल येईपर्यंत काय मागवलं होतं तेच आपण विसरलेलो. २०२० च्या जूनमध्ये क्लब फॅक्टरी आणि शीन या चिनी खरेदी-ॲपवर बंदी आली, नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर. माल काही थांबला नाही, आता तो इथल्याच विक्रेत्यांच्या नावाने येतो. तर लिहा : काय मागवलं, काय आलं, नकली कसं ओळखलं. विक्रेत्यांची नावं आणि लिंका नकोत.

सुरुवात मीच करतो. दोन टेराबाइटचा पेनड्राइव्ह. संगणकाला लावला की दोन टेराबाइटच दाखवतो, कारण आतल्या कंट्रोलरला तसं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी चिप बत्तीस जीबीची. ती भरली की पुढचा डेटा आधीच्याच जागेवर लिहिला जातो नाहीतर हवेत जातो. भाच्याच्या मुंजीचं शूटिंग असंच गेलं : फाइलींची यादी शाबूत, उघडायला जावं तर कचरा. 'एच टू टेस्ट डब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतं. लिनक्सवाल्यांसाठी 'एफ थ्री'. वेळ भरपूर खातं, रात्री लावून झोपा.

भोसरीकर
आमचं छोटं वर्कशॉप आहे. भागीदाराने मित्सुतोयो या जपानी कंपनीचा डिजिटल व्हर्नियर मागवला, बाजारभावाच्या चौथ्या हिश्शात. खोका, सिरीयल नंबर, तपासणीचा छापील कागद, सगळं जागच्या जागी. गंमत म्हणजे मापही बरोबर दाखवायचा. २५ मिमीचा स्लिप गेज (अचूक मापाचा पोलादी ठोकळा) धरला, २५.०० आलं. मग कोण कशाला शंका घेतंय?

बिंग फुटलं बॅटरीवरून. मित्सुतोयोच्या अस्सल 'ॲब्सोल्यूट' व्हर्नियरची बॅटरी वर्षानुवर्षं चालते, हा थोड्याच दिवसांत धापा टाकायला लागला. बटण बंद केलं तरी आतलं सर्किट जागंच राहायचं, कारण चालू करताच जबड्यांची जागा पट्टीवरून थेट वाचायची अस्सलची युक्ती याच्यात नाहीच, नुसतं सोंग आहे. मग जुन्या अस्सलशेजारी ठेवून पाहिला. डिस्प्लेतल्या आकड्यांची उंची वेगळी, पट्टीवरच्या रेघा जरा जाड, आणि जबडा सरकवताना मध्येच एका ठिकाणी हाताला बारीक खरखर. कॅलिब्रेशनवाल्याने तर हातात घेताक्षणी बाजूला ठेवला. गिऱ्हाईकाच्या ऑडिटला हा टेबलावर दिसला असता तर ऑर्डरच गेली असती. आता शिकाऊ पोरांच्या हातात दिलाय.

बेअरिंगच्या बाबतीत तर मी खोक्यावर विश्वासच ठेवत नाही. स्टीलवर एसकेएफ हे नामांकित कंपनीचं नाव कोरायला लेसर लागतो, एसकेएफचं स्टील लागत नाही. अधिकृत डीलरचं बिल असेल तरच घेतो.

शाईवेडा
हीरो ६१६ हे चिनी फाउंटन पेन आठवतंय का? पार्कर ५१ च्या वळणाचं, आमच्या पिढीने दहावी त्यावर काढली. आता ते डझनाच्या भावात मिळतं, आणि त्यातली ढिगाने नकली हीरो निघतात. म्हणजे नकलेचीही नक्कल! निब कागद खरवडते, टोपण डुगडुगतं.

पण जिनहाओ या चिनी पेनला डुप्लिकेट म्हणू नका राव. लामी सफारी या जर्मन पेनाची ढब उचलतात, महागड्या मोंब्लां पेनाचा जाडजूड घाटही उचलतात, मात्र नाव स्वतःचं कोरतात. फसवणूक कुठे आहे त्यात?

भोसरीकर
@शाईवेडा, डिझाइन ज्याने डोकं खाजवून केलं त्याला विचारा कुठे आहे ती.

स्टुटगार्टची सून
इकडे जर्मनीत पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की घरी पत्र येतं. त्यांच्या कचेरीत जायचं आणि अधिकाऱ्यासमोर ते आपणच कात्रीने उघडायचं. नवऱ्याने मोठ्या हौसेने मागवलेले ब्रँडेड बूट टेबलावर निघाले. अधिकारी बाईंनी बुटाच्या जिभेवरची शिलाई बघितली, किमतीचा कागद बघितला आणि बूट ठेवून घेतले. नकली ठरलेला माल नष्ट करतात, पैसे आपले बुडाले. आणि २०२१ च्या जुलैपासून २२ युरोखालच्या मालाला असलेली करातली सूटही गेली, आता पहिल्या सेंटपासून व्हॅट.

धागाकर्ता
आपल्याकडेही पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूला ड्युटी माफ होती, म्हणून पाकिटावर सर्रास 'गिफ्ट' लिहून यायचं. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ते बंद केलं. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली.

सोल्डरवाली
१८६५० सेलवर (टॉर्च, पॉवर बँकेतला रिचार्जचा लिथियम सेल) ९९०० एमएएच क्षमता छापलेली दिसली की पुढे वाचूच नका. चांगल्या कंपनीचा सेलही साडेतीन हजाराच्या आसपास थांबतो. घरातल्या काट्यावर ठेवा : अस्सल ४५ ग्रॅमच्या मागेपुढे, माझ्याकडे आलेला तिशीच्या आत. कापायला जाऊ नका, पेटतो.

चार्जरबद्दल तर मी कुणाचं ऐकून घेत नाही. २०१६ मध्ये यूएल या अमेरिकन संस्थेने ॲपलचे ४०० नकली ॲडॉप्टर तपासले, ९९ टक्क्यांहून जास्त नापास. आत भिंतीतल्या विजेची बाजू आणि फोनची बाजू यांत जे अंतर ठेवायचं असतं, ते पैसे वाचवायला खाऊन टाकतात. पोरं फोन चार्जिंगला लावून कानाशी धरतात, तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

हातावरचं घड्याळ
कॅसिओ एफ-९१ डब्ल्यू हे डिजिटल घड्याळ : उजवं बटण तीन सेकंद दाबून धरा. अस्सलवर 'कॅसिओ' उमटतं. काही नकलीही हे शिकल्या आहेत, त्यामुळे उमटलं नाही तर नकली नक्की, उमटलं तर खात्री नाही.

घाटवेडा
आमच्या सायकल ग्रुपमध्ये एक 'चायनारेलो' आहे, म्हणजे पिनारेलो या महागड्या इटालियन सायकलची चिनी कार्बन-फायबर नक्कल. गडी कसारा घाट मजेत चढतो. उतरताना मात्र आम्ही त्याच्यापासून लांब राहतो. कार्बन सांगून मोडत नाही, एकदम मोडतो. फ्रेम राहू दे, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि हँडलबार तरी अस्सल टाक म्हणून सगळे मागे लागलोय. त्याची सध्याची तक्रार वेगळीच आहे : स्टिकरचा लाल रंग अस्सलपेक्षा फिका आलाय, नवीन स्टिकर मागवलेत. तिथूनच.