शेजाऱ्यांची पायवाट, उपटलेली वई आणि तोडलेले कलम

प्रश्न : सुरंगी

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत आहे. मी नोकरीसाठी ठाण्यात असते आणि गावी आई एकटी राहते. आमच्या आवाराच्या पूर्वेच्या कडेने मागच्या घरच्यांची पायवाट जाते. ती आमच्या सातबाऱ्यातल्या जमिनीतून जाते याबद्दल कधी वाद नव्हता, आणि आजोबांच्या वेळेपासून मागची माणसे तिथूनच पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) उतरतात हेही आम्ही कधी नाकारले नाही. वाट आणि आमचे परडे यांच्यामध्ये आईने राखलेली वई, म्हणजे झुडपांचे कुंपण, होती. त्यात निर्गुडी, अडुळसा, मेंदी, मधून मधून जास्वंदी आणि टोकाला एक अनंत होता. वईच्या आत, दोन हातांवर, बारा वर्षांचे हापूसचे कलम होते.

मे महिन्यात आई आठ दिवस माझ्याकडे आली असताना मागच्या काकांच्या मुलाने जेसीबी लावून सगळी वई उपटली आणि कलमही तोडले, कारण नव्या बांधकामासाठी चिरा आणि वाळू टेम्पोने आत न्यायची होती. आम्ही परतलो तेव्हा अनंत मुळांसकट आडवा पडलेला होता, मुळांना मातीचा गड्डा तसाच चिकटलेला होता आणि कळ्या उमलण्याआधीच करपल्या होत्या. काका म्हणतात की वाट हक्काची आहे, तेव्हा वाटेतली अडचण काढण्याचाही त्यांना हक्क आहे. मुलगा तर तो पट्टाच त्यांच्या मालकीचा असल्याचे सांगतो. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून दिवाणी न्यायालयात जाण्यास सांगितले.

पायी जाण्याच्या हक्कातून गाडी नेण्याचा हक्क मिळतो का? झाडांची भरपाई मागता येईल का? आणि आम्ही चिऱ्याचा गडगा घालून ती वाटच बंद केली तर काय होईल?

उत्तर : दिवाणी वकील

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच तुमचे सर्वांत मोठे नुकसान होऊ शकते. गडगा घालू नका. आज त्यांची चूक ठळक दिसते आहे. वाट अडवल्यास ते मनाई हुकूम मागायला जातील आणि प्रकरणाचे पारडे फिरेल. वाट शेतीच्या किंवा झाडांच्या जमिनीकडे जात असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडेही त्यांना दाद मागता येते.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये येतो. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वहिवाट झाली असेल, तर कलम १५ प्रमाणे तो पक्का होतो. तुमच्या परवानगीने झालेली ये-जा त्यात धरली जात नाही, पण तुम्ही स्वतःच आजोबांच्या काळापासूनची वहिवाट लिहिली आहे, त्यामुळे पायवाटेवर वाद न घालणे शहाणपणाचे ठरेल. मात्र एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही, असे कलम २८ स्पष्ट सांगते. पायाने चालण्याची वहिवाट कितीही जुनी असली, तरी तिच्यातून टेम्पो निघत नाही.

काकांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. कलम २४ प्रमाणे हक्कदाराला वाटेची डागडुजी करता येते आणि वाटेवर उन्मळून पडलेले झाड बाजूला करता येते. तेही जमीनमालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने आणि झालेले नुकसान भरून देऊन. परंतु उभी वई म्हणजे पडलेले झाड नव्हे. शिवाय एखादा अडथळा खरोखरच बेकायदा असला, तरी हक्कदाराने तो स्वतः काढून टाकायचा नाही, असे कलम ३६ सांगते. त्यांनी न्यायालयात जायला हवे होते, जेसीबीवाल्याकडे नव्हे.

मुलाचा मालकीचा दावा तर बापाच्याच दाव्याच्या मुळावर येतो, कारण स्वतःच्या जमिनीवर कोणाला सुविधाधिकार असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात मालकी सिद्ध न झालेल्या वादीला उच्च न्यायालयाने दिलेला सुविधाधिकार रद्द केला, कारण तो दाव्यात मांडलेलाच नव्हता. म्हणून आधी त्यांना नोटीस पाठवा आणि ते उत्तरात काय लिहितात, ते जपून ठेवा.

भरपाई आणि कायम मनाई एकाच दाव्यात मागता येतात. पहिल्याच तारखेला तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या आणि जागेची पाहणी करण्यासाठी कोर्ट कमिशनर मागा, कारण पहिल्या जोरदार पावसानंतर जेसीबीच्या दातांच्या खुणा राहणार नाहीत. दावा आईंच्या नावे असल्यास खर्चाचा बाऊ करू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

आंबा हे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतले झाड आहे. तोडलेल्या हापूसच्या कलमाबद्दल वनखात्याकडे स्वतंत्र तक्रार करा. जास्वंदीसाठी तो रस्ता नाही.

उत्तर : शंकू आणि साखळी

मी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीनमोजणीदार, म्हणून निवृत्त झालो. "मोजणीत निघेल" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले. मोजणीत हद्द निघते, वहिवाट निघत नाही. त्यामुळे पट्टा कोणाच्या मालकीचा, एवढाच प्रश्न तिने सुटेल, आणि तो सोडवून घेणे तुमच्याच फायद्याचे आहे. मोजणीला दोन्ही बाजू हजर राहू द्या आणि खुणा करताना फोटो काढा.

त्याआधी गाव नकाशाची नक्कल घ्या. नकाशावर एकेरी तुटक रेष असेल तर ती पायमार्गाची आणि दुहेरी तुटक रेष असेल तर ती गाडीमार्गाची असते. तुमच्या कडेला अशी रेष आढळली, तर ती वाट केवळ मागच्या घराची राहत नाही, गावाची ठरते, आणि पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. रेष नसेल तर वकीलसाहेबांचे म्हणणे लागू. जुन्या खरेदीखतातील चतुःसीमाही वाचा. "पूर्वेस जाण्या-येण्याची पायवाट" असे चार शब्द कधी कधी सगळा वाद मिटवतात.

उत्तर : मागचे घर

मी अशाच मागच्या घरात राहतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. जे झाले त्याचे समर्थन करत नाही. पण वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा रुग्णवाहिका रस्त्यावरच थांबली आणि आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वाटेने खाली नेले. पुढच्या घराच्या मेंदीचे काटके दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होते. चार फुटांची वाट दर पावसाळ्यात बोटबोट अरुंद होत गेली होती आणि सांगितले की "छाटू, छाटू" असे उत्तर मिळे. तुमची वई मूळ जागेवरच होती का, हे एकदा आईंना विचारा.

सुरंगी

मी आईला विचारले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की अडुळसा वाटेवर आला होता. काकूंनी दोनदा सांगितले होते, पण गुडघेदुखीमुळे छाटणी राहून गेली. हे आधी माहीत असते तर प्रश्न मी जरा वेगळ्या शब्दांत लिहिला असता. आंब्याचे कलम मात्र वाटेवर नव्हते. त्याचा बुंधा जागेवरच आहे. वाटेच्या कडेपासून साडेतीन फूट आत, टेप लावून फोटो घेतला. मोजणीचा अर्ज आजच दिला. खरेदीखत १९५८ चे आहे आणि पूर्वेला "पायवाट" एवढेच लिहिले आहे.

दिवाणी वकील

तो बुंधा काढू देऊ नका. अडुळशाची गोष्ट नोटिशीत स्वतःहून मान्य करा आणि चार फूट पायवाट मोकळी ठेवण्याची तयारी लिहा. न्यायाधीशांसमोर त्याचा उपयोग होतो, आणि नोटीस काकांनी घरात मोठ्याने वाचून दाखवली तर तिथेही होतो. आजारपणात वाहन नेऊ देण्याची तयारी असेल, तर "परवानगीने" हा शब्द घालून लेखी द्या. हक्काची वाट आणि परवानगीची वाट यांतला फरक वीस वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाही, कागदावर राहतो.

उत्तर : परसदार

दावा चालेल तेवढा चालेल, पण मृग लागला आहे. वाटेच्या कडेपासून दीड फूट आत दोरी लावा आणि निर्गुडी व अडुळशाचे हातभर फाटे ओळीने खोचा. या दिवसांत ते पाणी न घालताही जगतात. नव्या ओळीची तारीख दिसेल असा फोटो काढा आणि मोजणी होईपर्यंत बुंध्याभोवती काही लावू नका. अनंताची एखादी हिरवी फांदी शिल्लक असेल तर गुटी बांधून (फांदीवरच मुळे फुटवून) पाहा, नसेल तर पत्ता कळवा, माझ्याकडे दोन रोपे आहेत.