अप्लाइड आर्ट, ग्राफिक डिझाइन शिकलात? तुमचे अनुभव इथे लिहा

भाचीने यंदा अप्लाइड आर्टच्या (जाहिरात, छपाई, अक्षरं यांसाठीची कला) पदवीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दिली. डिझाइन प्रॅक्टिकल, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, सामान्य ज्ञान, चारही पेपर तिने मनापासून लिहिले. घरात मात्र रोज एकच प्रश्न: "कॉम्प्युटरवर सहा महिन्यांत शिकता येतं, त्याला चार वर्षं कशाला?" भाऊजी रागाने विचारत नाहीत, त्यांना खरंच काळजी वाटते. मी कॉमर्सची, मला उत्तर देता येईना. ज्यांनी ही पदवी केली आहे त्यांनी लिहा. पगाराचे आकडे नकोत, त्या वर्गात काय घडतं ते सांगा.

मुंबई, नव्वदीची सुरुवात

मी जे. जे. अप्लाइडचा, म्हणजे सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टचा. आमच्या वडिलांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत "कमर्शिअल आर्ट"च होतं. १९३५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये विभाग निघाला तो त्याच नावाने, स्वतंत्र संस्था झाली १९६१ मध्ये.

पहिल्या वर्षी आम्हाला एकच रोमन अक्षर हातभर मोठं काढायला दिलं. आधी पेन्सिल, मग रोट्रिंग पेनने कड, मग आत काळा पोस्टर कलर. सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या शीटवर पाण्याचा थेंब पडला आणि सगळं पुन्हा काढावं लागलं. दुसऱ्यांदा काढताना कळलं की गोल अक्षर चौकोनी अक्षराइतकंच उंच ठेवलं तर डोळ्याला बुटकं दिसतं, ते रेषेच्या किंचित वर-खाली न्यावं लागतं. पहिल्या वेळी मी नुसतं मोजून काढलं होतं.

मग बोरू. देवनागरीसाठी त्याचं टोक रोमनच्या उलट बाजूने तिरकं कापतात. महिनाभर फक्त उभे दंड आणि गाठी गिरवल्या. सुलेखनकार र. कृ. जोशींचं नाव तेव्हा वर्गात सतत निघायचं. त्यांचा 'मंगल' फॉन्ट पुढे विंडोजमधून घराघरांत गेला. आजही दुकानाची पाटी दिसली की माझी नजर आधी शिरोरेखेवर जाते.

लातूर जिल्हा, आता पुणे

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना 'ए' ग्रेड होती, त्या जोरावर आले. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिला धक्का सामानाचा. माउंटबोर्ड, ब्रश, रंग, कटर, ट्रेसिंग, दर असाइनमेंटला नवीन काही. हॉस्टेलमधल्या एका सीनियर ताईने तिची स्टीलची पट्टी आणि अर्धे रंग देऊन टाकले. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे, कटर घसरून पडलेल्या खाचांसकट.

दुसरा धक्का ज्युरीचा, म्हणजे परीक्षकांसमोर आपलं काम मांडण्याचा. पाणीटंचाईवरचं पोस्टर होतं. आमच्या गल्लीत टँकर यायचा, हंड्यांची रांग मी स्वतः लावलेली. पण संकल्पना इंग्रजीत मांडायची होती, आणि दोन वाक्यांनंतर माझी जीभ अडली. बाहेरून आलेले परीक्षक पुढच्या शीटकडे वळले. मार्क कमी पडले, त्यापेक्षा ते न ऐकता गेले याचं वाईट वाटलं. पुढच्या वर्षी एका मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तू मराठीत बोल." त्या दिवशी मी वीस मिनिटं बोलले. आता मी स्वतः शिकवते आणि पहिल्याच तासाला हे वाक्य म्हणते. तुमच्या भाचीलाही सांगा, भाषेसाठी थांबू नकोस.

गोवा, आल्तिनो

आमचं कॉलेज पणजीच्या टेकडीवर. आउटडोअर स्केचिंगला फोन्तेन्यस या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या गल्ल्यांत जायचो. आझुलेजु, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्सवर हाताने रंगवलेली घरांची नावं उतरवून घ्यायचो. माझी निम्मी टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची मांडणी, त्या पाट्यांवर झाली.

पुणे, पदवी पूर्ण केली नाही

तिसऱ्या वर्षी घरच्या अडचणीमुळे सोडलं. छापखान्यात लागलो आणि अजून तिथेच आहे. भाऊजींच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे. सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलं फाइल आणतात, त्यात बारीक मजकुराचा काळा रंग चारही शाईंनी बनवलेला असतो. छापताना एका शाईची प्लेट केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली येते. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा, हे मला दुसऱ्या वर्षी सरांनी मशीनपाशी उभं करून, हातात भिंग देऊन दाखवलं होतं. सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा, प्रत्येकाचे ठिपके वेगळ्या कोनात. तो कागद मी जपून ठेवलाय. सॉफ्टवेअर मीही नंतर कामावरच शिकलो, पण भिंगातून बघायला मला कॉलेजनेच शिकवलं.

रीडिंग, इंग्लंड

बी.एफ.ए. या कलेच्या पदवीनंतर इथे टाइपफेस डिझाइनमध्ये, म्हणजे फॉन्टची अक्षरं घडवण्यात, एम.ए. केलं. विद्यापीठाच्या टायपोग्राफी विभागात लॅटिनेतर लिप्यांचा मोठा संग्रह आहे, त्यात लायनोटाइप या छपाईची अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची देवनागरीची मूळ रेखाटनं आहेत. पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा गळा दाटून आला. आपली अक्षरं, इतक्या लांब, इतकी नीट जपलेली.

माझी तक्रार भारतातल्या माझ्या कॉलेजबद्दल आहे. चार वर्षांत देवनागरीला एकच असाइनमेंट होती. मराठी 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाने लिहितात, आणि फाइलमध्ये भाषा मराठी निवडली तर चांगला फॉन्ट ती वळणं आपोआप देतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'च्या लोकांचं 'मुक्ता' फॉन्टसारखं काम बघत मी स्वतःच शिकले. भाची जिथे जाईल तिथे तिने पहिल्या आठवड्यातच विचारावं, देवनागरी किती शिकवणार?

धागा काढणारी

भाऊजींना सगळं वाचून दाखवलं. छापखान्याचा अनुभव त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग शिवणाच्या डब्यातलं भिंग काढून आजचा पेपर बघत बसले. भाचीने शेजारी बसून त्यांना ठिपके दाखवले. अजून अनुभव येऊ द्या, विशेषतः नागपूरकडच्यांचे.