मदत हवी आहे: पांडाच्या नाण्यात ग्रॅम कमी, आणि मेपलला आईने रांगोळी लावली

रंकाळाकाठी
नमस्कार मंडळी. इथे शिवराई-होनांसारख्या जुन्या नाण्यांचे जाणकार बरेच आहेत. माझी नाणी कालपरवाची आहेत, तरी विचारतो.

मामेभाऊ टोरोंटोला असतो. सुट्टीला आला की एखादं चांदीचं नाणं हातावर ठेवतो, त्यातून नाद लागला. आता पाच झालीत: कॅनडाची दोन मेपल लीफ (२०१३ आणि २०१९), अमेरिकेचा ईगल, मेक्सिकोची लिबर्ताद आणि चीनचा २०१८चा पांडा. चांदीपेक्षा मला त्यांच्यावरचं चित्र ओढतं. लिबर्तादवर मेक्सिको शहरातल्या स्वातंत्र्यस्तंभावरची पंखवाली देवता आहे, मागे दोन ज्वालामुखी. ज्याला जे मिरवावंसं वाटलं ते त्याने नाण्यावर घातलं.

आता अडचण. परवा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, आमच्या नेहमीच्या सराफाकडे पाचही वजन करून घेतली. चार ३१.१ ग्रॅमच्या आसपास भरली, पांडा बरोबर ३०. सराफ म्हणाले, "एक ग्रॅम मारलाय, चायना माल." शिवाय कुठलंही दिलंत तरी आटणीचा भाव मिळेल म्हणाले, चित्राचे पैसे नाहीत. भावाला हे कोणत्या तोंडाने सांगू?

दुसरं. २०१३च्या मेपलवर दुधाचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे डाग आले होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आईने समया घासता घासता त्यालाही रांगोळी लावली. नाण्यावरची बाई कोण म्हणून तिने विचारलं, इंग्लंडची राणी म्हटल्यावर पूजेत हळदीकुंकूही वाहिलं. डाग तिथेच आहेत, वर बारीक चरे पडलेत. काही करता येईल का?

टंचपारखी
दादा, आधी पांडावर काय लिहिलंय ते वाचा. २०१६पासून चीनने औंस सोडून ग्रॅम धरलाय. पांडाच्याच बाजूला ३० ग्रॅम आणि .९९९ (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध) असं कोरलेलं असेल. उलट तुमचा २०१८चा पांडा ३१.१ भरला असता तर मी घाबरलो असतो. बाकीची चार एक ट्रॉय औंसची, म्हणजे ३१.१०३ ग्रॅम. सराफाची चूक नाही, त्यांच्या काट्यावर असली नाणी रोज कुठे येतात?

पण वजन जुळलं म्हणजे अस्सल, असंही नाही. पांडाच्या नकला भरपूर आहेत. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबतं धरा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. चांदीची घनता १०.४९, म्हणून ३० ग्रॅमच्या नाण्याला काटा २.८६ च्या आसपास दाखवेल. आत तांबं असेल तर ३.३च्या पुढे जाईल. शंभर मिलिग्रॅमवाला किचनचा काटा चालणार नाही, सराफाचाच घ्या.

जुनीपेटी
रांगोळीचं वाचून पोटात गोळा आला. मेपल .९९९९ चांदी, म्हणजे दागिन्याच्या चांदीपेक्षा मऊ. चरे आता जाणार नाहीत, पॉलिश तर मुळीच मारू नका, उरलीसुरली टांकसाळीची झळाळीही जाईल. पांढरे डाग हा मेपलचा जुना रोग आहे, घासून ते निघत नाहीत. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८पासून त्यावर उपाय म्हणून प्रक्रिया बदलली, त्यामुळे तुमचं २०१९चं बहुधा स्वच्छ राहील. त्यावर भिंगाने पानाची बारीक खूणही शोधा, आत सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. २०१३वर ती नसणार, उगाच नकली समजू नका.

आणि नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातलं रसायन सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो.

पेठेतला
भावा, चांदीच घ्यायची तर हुपरीला जा की. टंच (शुद्धता) तपासून मिळतंय, वर पैंजण घडवून देतील. त्या अस्वलाचं काय करायचंय?

टंचपारखी
@पेठेतला, मग छंद कसला? गुंतवणूक म्हणून विचारत असते तर मीही चांदीची वीटच सुचवली असती. गुजरीत चित्राला किंमत नाही हे खरं, ती संग्राहकापाशी असते. २००१ आणि २००२ सोडलं तर पांडाचं चित्र दरवर्षी बदलतं, म्हणून त्याच्या जुन्या सालांना मागणी राहते. मेपलचं पान तेच राहतं, त्यामुळे तुमचं चरे पडलेलं मेपल चांदीच्या भावातलंच होतं असं समजा. फार नुकसान नाही. आईंना काही बोलू नका.

आपल्याकडच्या १०० रुपयांच्या स्मारक नाण्यांकडे वळलात तर एक लक्षात ठेवा, त्यातल्या बहुतेकांत चांदी निम्मीच असते. ३५ ग्रॅमच्या नाण्यात साडेसतरा. तिथे गुजरीवाला आणखी हसेल.

रंकाळाकाठी
लई आभार. एरवी कॅप्सूलच्या, म्हणजे नाण्याच्या प्लास्टिक डबीच्या, कडेमुळे ३० ग्रॅमचं अक्षर दिसत नाही, बाहेर काढून नीट वाचल्यावर दिसलं. आज सराफांच्याच काट्यावर पाण्याचा प्रयोग केला. दुकानातली गिऱ्हाईकं बघत उभी. आकडा २.८७. सराफांनी चष्मा काढून पुन्हा एकदा बुडवायला लावलं, तोच आला. "चायना माल" हे शब्द परत घेतले, आटणीचा भाव मात्र तोच!

चरेवालं मेपल आईला देवघरात ठेवायला दिलं, तिचा जीव त्या राणीत अडकलाय. पांडाची कॅप्सूल काढताना तडकली. ४० मिलिमीटरची नवी कोल्हापुरात कुठे मिळेल? मेपलची ३८ची आहे, त्यात बसत नाही.